गोष्टीत रमणारी मुलं वाचायला कशी लागतात? गुरुजींचं दैनिक आणि माझा तिसरीचा वर्ग

खडूफळा

बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतेय. मी जळगाव जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. मुलांसाठी कविता लिहिते आणि वर्गात गोष्टी नुसत्या सांगत नाही, करून दाखवते. म्हातारी झाले की कंबरेत वाकते, वाघ झाले की टेबलाखालून येते. गोष्टीच्या तासाला एकही मूल गैरहजर राहत नाही. पण एक गोष्ट मनाला सारखी टोचत होती. तीच मुलं पुस्तक उघडलं की मान खाली घालायची. ऐकताना डोळे लकाकणारं मूल चार शब्दांच्या ओळीपाशी अडून बसायचं. मग माझ्या या सगळ्या खटाटोपाचा त्याला उपयोग काय?

वाट सापडली ती साने गुरुजींमुळे. गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. छात्रालयातल्या मुलांसाठी ते 'छात्रालय दैनिक' काढायचे. छापलेलं नाही, स्वतःच्या हाताने लिहिलेलं. ही माहिती मी डी.एड.ला असताना परीक्षेपुरती पाठ केली होती. दोन वर्षांपूर्वी पुन्हा वाचनात आली आणि थबकलेच. ज्या माणसाच्या तोंडी इतक्या गोष्टी होत्या, तो मुलांना सांगून थांबला नाही, त्यांच्यासाठी रोज लिहीतही बसला. मी फक्त सांगत होते. माझे शब्द तास संपला की हवेत विरून जायचे. मुलांनी ते पुन्हा भेटायचे तरी कुठे?

दुसऱ्या दिवसापासून वर्गातल्या मागच्या भिंतीवरचा फळा मी 'आमचं दैनिक' म्हणून राखून ठेवला. आदल्या दिवशीच्या गोष्टीतल्या चार ओळी, मोठ्या अक्षरात, शाळा भरण्याआधी. पहिले काही दिवस कुणी बघितलंही नाही. मग मी माझीच एक कविता लिहिली:

ढगाच्या झोळीला भोक कसं पडलं?
टपटप टपटप पाणी सांडलं.
बेडूक म्हणाला, "कुणी हे फाडलं?"
वाऱ्याने हळूच तोंड दडवलं.

आम्ही ती करून पाहिली. कुणी ढग, कुणी बेडूक, बाकी सगळे पाऊस. मग मी विचारलं, "अजून कोण कोण भिजलं?" मागच्या रांगेतून आवाज आला: "बकरीनं भिजून अंग झाडलं." हा मुलगा वर्षभरात वर्गात मोठ्याने बोललेला मला आठवत नव्हता. सुट्टीच्या दिवशी बकऱ्या चारायला जातो, त्याने पाहिलं तेच सांगितलं. आणि यमक? तेही नेमकं! मी त्याच्यादेखत ती ओळ तशीच फळ्यावर लिहिली, खाली त्याचं नाव घातलं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात आले तर तो फळ्यापाशी उभा. बोट ठेवत वाचत होता. 'बकरीनं' झालं, 'भिजून'शी अडला. आपली पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढतात आणि उच्चारात मागून येते, कच्च्या वाचकाचा तिथे हमखास गोंधळ होतो. तो क्षणभर थांबला. ओळ त्याचीच होती, पुढे काय असणार ते कानाला ठाऊक होतं. "भि... भिजून!" आणि मग स्वतःच पुन्हा त्या वेलांटीवर बोट फिरवून आला. दुपारी त्याने मला 'दिवस'मधली वेलांटी पुस्तकात शोधून दाखवली.

तेव्हापासून क्रम ठरून गेलाय. आधी कानाने, मग अंगाने, मग फळ्यावर, मग डोळ्याने. तुम्ही कुणी मुलांसोबत असं काही करत असाल, घरी किंवा शाळेत, तर सविस्तर लिहा. चुकलेलंही लिहा.

रानवाटा

किती सुंदर लिहिलंय ताई! बकरीच्या ओळीला डोळ्यांत पाणी आलं. वाचतेय, भर घालेन.

तळटीप

धागा चांगला आहे, तरी विरोधी सूर लावतो. राग मानू नये.

मी केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झालो. गोष्टींचे, बालनाट्यांचे, काव्यगायनाचे किती कार्यक्रम पाहिले त्याची गणती नाही. मुखवटे, टोप्या, टाळ्या, फोटो. मुलं आनंदात असतात हे खरंच. पण कार्यक्रम संपल्यावर त्यातल्याच एका मुलाला जवळ घेऊन एक उतारा पुढे ठेवला की चित्र वेगळं दिसायचं. मुलाने आठ मिनिटांची भूमिका तोंडपाठ केलेली असायची आणि त्याच भूमिकेचा कागद हातात दिला तर वाचता यायचा नाही. मोठी माणसं मात्र मूल बोलतंय म्हणून समाधानात.

'असर' ही ग्रामीण मुलांचं वाचन आणि गणित तपासणारी देशभरची पाहणी. तिच्यात मुलाला वाचायला देतात तो कागद आठवा. अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि सगळ्यात वरची पातळी 'गोष्ट', म्हणजे दुसरीच्या पातळीचा मजकूर. २००५ पासून हे चाललंय आणि पाचवीतली कितीतरी मुलं त्या शेवटच्या पायरीच्या खालीच अडकलेली दिसतात. ज्या मुलाला गोष्ट ऐकवली त्याला गोष्ट वाचता येते का, एवढंच मला विचारायचं आहे. तुमच्या त्या मुलाने ओळ वाचली की आठवली?

खडूफळा

@तळटीप, राग कसला सर! हाच प्रश्न मला रात्री झोपू देत नव्हता.

पहिल्या दिवशी त्याने अर्धी ओळ वाचली, अर्धी आठवली. मला तेवढं पुरेसं होतं, कारण आठवणीने त्याला अक्षराशी झटापट करायचं धाडस दिलं. पण आठवणीवर सोडून दिलं तर तुम्ही म्हणता तेच होणार. म्हणून काही गोष्टी मी चुकत चुकत शिकले.

पहिली म्हणजे शब्दांचं बंधन. गोष्ट सांगताना पहिले दोन दिवस मी मोकळी असते, शब्द रोज बदलले तरी चालतात. पण जो तुकडा फळ्यावर जाणार, त्याचे शब्द तिसऱ्या दिवसापासून पक्के. काल 'म्हातारी निघाली' म्हटलं आणि फळ्यावर 'वृद्ध स्त्री प्रवासाला गेली' लिहिलं, तर कानाने कमावलेलं डोळ्याच्या कामी येत नाही. आम्ही शिक्षक लिहायला लागलो की भाषा उगाच इस्त्रीची करतो. बोललेलं तसंच लिहायचं, निदान सुरुवातीला तरी.

दुसरं, कागद हातातच राहणार. आमच्या वर्गात पाठांतर करून नाटक होत नाही, अभिवाचन होतं. संवाद पाठ असला तरी कागदावर बोट हवं. आणि सरावाच्या दिवशी मी ओळींच्या पट्ट्या कापून टेबलावर उलटसुलट पसरते. ज्याने त्याने आपली ओळ शोधून उचलायची. कधी मुद्दाम एखादा शब्द बदलून ठेवते, 'बकरीनं'च्या जागी 'बदकानं'. सुरुवात तीच, शेवट तोच, मधलं वेगळं. जे मूल आठवणीवर चाललेलं असतं ते 'बकरीनं'च म्हणतं. जे वाचतं ते थांबतं, माझ्याकडे बघतं आणि ओरडतं, "मॅडम, इथं बदक आहे!" मला तरी यापेक्षा चांगली चाचणी माहीत नाही.

तिसरं, तालमीमुळे एकच मजकूर दहा वेळा वाचला जातो आणि मूल कंटाळत नाही. नवखा वाचक एकेक अक्षर जुळवतो, 'पा... ऊ... स' होईपर्यंत मागचा शब्द विसरतो, मग अर्थ लागणार कसा? तोच उतारा पुन्हा पुन्हा वाचला की अक्षरांवरचा भार हलका होतो आणि मन अर्थाकडे वळतं. सॅम्युअल्स नावाच्या अमेरिकी अभ्यासकाने १९७९ मध्ये हे मांडलंय. पण "पुन्हा वाच" असं नुसतं म्हटलं तर मुलाला ती शिक्षा वाटते. "तुझा बेडूक अजून घाबरलेला वाटत नाही, परत म्हण बरं" म्हटलं की तेच मूल पाच वेळा वाचतं, कारण आता त्याला वाचायला कारण मिळालेलं असतं.

दर पंधरा दिवसांनी प्रत्येकाला शेजारी बसवून न पाहिलेलं पान वाचायला देते. वहीत तारीख आणि अडलेले शब्द लिहिते. मार्क नाहीत.

बोरीकाठ

अमळनेरकर आहे, त्यामुळे राहवत नाही!

दैनिकाचा उल्लेख केलात म्हणून थोडं अधिक. गुरुजींनी तिथेच १९२८ मध्ये 'विद्यार्थी' हे मासिकही सुरू केलं. पुढे १५ ऑगस्ट १९४८ ला 'साधना' साप्ताहिक काढलं, ते आजही निघतं. हाताने लिहिलेल्या कागदापासून साप्ताहिकापर्यंत ही सगळी एकच ओढ आहे असं मला वाटतं. समोर कुणीतरी वाचणारा आहे हे धरून लिहायचं.

'श्यामची आई'ची रचनाही या धाग्याला धरून आहे. पुस्तक तुरुंगात लिहायला घेतलं, १९३३ साली, नाशिकला, पण प्रकरणांना नावं कशी आहेत पाहा: रात्र पहिली, रात्र दुसरी. श्याम मित्रांना रोज रात्री गोष्ट सांगतोय आणि आपण ती ऐकत बसलोय. सांगण्याची लय लिहिण्यात शिल्लक राहिली, म्हणूनच ज्या घरात कधी पुस्तक आलं नव्हतं तिथेही ते मोठ्याने वाचलं गेलं. माझी आजी चौथी शिकलेली. ती वाचायची आणि शेजारच्या बायका निवडणं-टिपणं घेऊन बसायच्या. मी वाचायला शिकलो तो तिच्या मांडीवरून पानात डोकावूनच.

गुरुजी गेले ११ जून १९५० ला. त्यानंतर प्रकाशभाई मोहाडीकरांनी साने गुरुजी कथामाला सुरू केली, गावोगाव शाळांतून मुलांना गोष्टी सांगायची चळवळच. माझ्या पिढीतल्या अनेकांनी पहिली गोष्ट तिथे ऐकली. गुरुजी वाघ व्हायला टेबलाखाली जात नसतील :) पण मन ओतून सांगणं हेही सादरीकरणच ना?

सागरगोटा

मी अंगणवाडी सेविका आहे, पालघर जिल्ह्यात. माझी मुलं तीन ते सहा वयाची, त्यामुळे फळ्यावरच्या ओळी वगैरे आमच्याकडे नाही. पण तुमच्या क्रमातला 'कानाने' आणि 'अंगाने' हा भाग सगळा आमच्याकडचा.

आमच्या भागात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं नाव घेतल्याशिवाय बालशिक्षणाचं बोलता येत नाही. ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आल्या, आणि गिजुभाई म्हणजे गोष्टीवर शाळा उभी करणारा माणूस. १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं, १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच मुलांच्या अंगणात नेली. गुरं चारणारी मुलं कुरणात, तर शाळा कुरणात. खडूफळा ताईंचा बकऱ्या चारणारा मुलगा वाचून मला एकदम ती कुरणशाळा आठवली.

माझा अनुभव एवढाच, की पालकांना घाई फार. चार वर्षांच्या पोराला 'क' काढता येत नाही म्हणून आई रडवेली होते. मी तिला बसवून घेते आणि बडबडगीत म्हणायला लावते. टाळी कुठे पडते ते मुलाला कळलं, 'गाडी'ला दोन टाळ्या आणि 'गाजर'ला पण दोनच हे त्याने ओळखलं, 'माळ-गाळ-बाळ' ऐकून त्याला हसू आलं, की समजायचं कान तयार होतोय. शब्द तुकड्यांचा बनलेला असतो हे कानाला आधी कळावं लागतं, मगच त्या तुकड्याचं चित्र म्हणजे अक्षर, हे डोक्यात शिरतं. पाटीची घाई करू नका हो.

अजून एक. आमच्याकडे मुलं घरी वारली बोलतात. मी पहिला महिना गोष्ट दोन्ही भाषा मिसळून सांगते. ज्या भाषेत हसू येत नाही त्या भाषेत गोष्ट पोचत नाही.

खडूफळा

@सागरगोटा, शेवटचं वाक्य डायरीत लिहून ठेवलं. माझ्या वर्गात घरोघरी अहिराणी. सुरुवातीला मी मुलांचं बोलणं सुधारत बसायचे आणि मुलं बोलायचीच बंद व्हायची. आता फळ्यावर अहिराणी ओळही येते, शेजारी प्रमाण मराठीतली. दोन्हीत काय बदललं ते मुलंच शोधतात.

कोकणवारा

कुडाळजवळ पिंगुळीला चित्रकथी बघितली आहे का कुणी? ठाकर समाजाची परंपरा. सुट्या कागदांवर रंगवलेल्या चित्रांची पोथी असते. सांगणारा एकेक चित्र पुढे धरतो, वाद्यांची साथ असते आणि रामायण-महाभारतातला प्रसंग गात गात सांगतो. ही कला जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

मी चित्रकला शिक्षक. पाचवीच्या वर्गाला गटागटाने अशी पोथी करायला लावली. एका बाजूला चित्र, आणि मागच्या बाजूला सांगणाऱ्याला वाचायचा मजकूर, मुलांनीच लिहिलेला. प्रेक्षकांना चित्र दिसतं, सांगणाऱ्याला अक्षर. खडूफळा ताईंच्या 'कागद हातात'चं उत्तर यात आपोआप मिळतं. लिहिताना मुलं शुद्धलेखनाबद्दल आपण होऊन विचारायला आली, कारण पान दुसऱ्या गटातल्या मुलाला वाचायचं होतं. 'सूर्य'चा रफार नक्की कुठे द्यायचा यावर दोन मुलींचं चांगलंच भांडण झालं. र् उच्चारायचा य च्या आधी आणि काढायचा य च्या डोक्यावर, हे त्या दिवशी सगळ्या वर्गाला कायमचं कळलं.

मिटलेलीकळी

लिहू की नको करत होते. माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, बोलताना अडखळतो. त्याच्या शाळेत कविता सादर करायची सक्ती झाली होती. तो मंचावर उभा राहिला, पहिल्या अक्षरावर अडकला आणि खाली काही मुलं हसली. त्यानंतर दोन महिने त्याने घरीसुद्धा पुस्तक उघडलं नाही. तुमचा धागा वाचताना छान वाटतंय, पण 'सादरीकरण' म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. अशा मुलांचं काय करता?

खडूफळा

@मिटलेलीकळी, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत.

माझीच चूक सांगते. तो बकरीवाला मुलगा. त्याच्या ओळीने मी इतकी हुरळून गेले की स्नेहसंमेलनात त्याला एकट्याला मंचावर उभं केलं. माईक, दिवे, समोर अख्खं गाव. त्याच्या तोंडून शब्द फुटेना. मी पडद्याआडून ओळ सांगत होते आणि तो माझ्याकडे बघत होता. ती नजर मी विसरलेले नाही. त्याला कौतुक हवं होतं की मला, हा प्रश्न मी त्या रात्री स्वतःला विचारला. पुढचा आठवडाभर तो फळ्याकडे फिरकला नाही.

आता वर्गातलं सादरीकरण वर्गासाठीच. प्रेक्षक वेगळे बसत नाहीत, सगळेच काही ना काही होतात. वाचन आधी समूहाने, मग दोघांनी मिळून, आणि एकट्याने फक्त ज्याला हवं त्याने. अडखळणाऱ्या पुष्कळ मुलांना इतरांच्या सुरात सूर मिसळून म्हणताना अडचण येत नाही किंवा फार कमी येते, हे वाचाउपचार करणारेही सांगतात. तुम्ही घरी त्याच्याबरोबर एका आवाजात वाचून बघा. तुमचा आवाज थोडा पुढे, त्याचा लगोलग मागून. तो अडला तर थांबू नका, दुरुस्त करू नका, तो पुढच्या शब्दाला येऊन मिळेल. वाचाउपचार तज्ज्ञांचा सल्ला चालू असेल तर तो सोडू नका, हे त्याला पर्याय म्हणून सांगत नाहीये.

आणि ज्याला बोलायचंच नाही त्याला आवाज द्या: पाऊस, दार, पावलं. कागदावर 'टपटप' दिसलं की टेबलावर बोटं वाजवायची. त्यासाठीही वाचावंच लागतं.

रानवाटा

आले परत. मी बालरंगभूमीवर काम करते. मिटलेलीकळी, तुमच्या मुलाला कळसूत्री किंवा हातमोज्याची बाहुली देऊन बघा. पडद्यामागे बसलेलं मूल आणि पडद्यापुढे उभं राहिलेलं मूल, दोन वेगळी मुलं असतात. कागद पडद्याच्या आतल्या बाजूला चिकटवायचा.

एक सूचना मात्र ताईंना. गोष्ट सांगताना आपण फार करतो. हातवारे, आवाज, चेहरे. मुलाने काही कल्पायला जागाच उरत नाही. मी अलीकडे एखादं पात्र मुद्दाम दाखवतच नाही. "राक्षस आला" एवढंच म्हणते आणि गप्प बसते. तो कसा दिसतो ते प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं. पुस्तक वाचताना हेच तर करायचं असतं! तिथे कुणी वाघ होऊन दाखवायला येणार नसतो.

खडूफळा

@रानवाटा, हे लागलं आणि पटलंही. उद्या वाघ टेबलाखालून येणार नाही.

तळटीप

चार दिवस उत्तर दिलं नाही, कारण आधी करून बघायचं होतं.

'बकरी' आणि 'बदक'ची युक्ती मला आवडली. पट्टी बदलल्यावर मूल थांबलं म्हणजे ते वाचतंय, यात शंका घ्यायला जागा नाही. 'निपुण भारत' या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या कार्यक्रमात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचावेत असं उद्दिष्ट आहे. माझ्या काळजीचं कारण हेच, की आपण ६० धरून बसतो आणि 'अर्थासह' सोडून देतो. बेडूक घाबरलेला वाटत नाही म्हणून परत वाचणाऱ्या मुलाला अर्थ आपोआपच बघावा लागतो. शिक्षण परिषदेला हा धागा वाचून दाखवण्याची तुमची परवानगी असावी.

माझी नात दुसरीत आहे, शहरात. वाचता येतं पण वाचत नाही. परवा रात्री तिला तुमची ढगाची कविता म्हणून दाखवली. दोघांनी मिळून पाऊस पाडला. मग विचारलं, अजून कोण भिजलं? तिने माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाली, "आजोबांनी चष्म्यावरचं पाणी काढलं." मी कागद पुढे केला. तिने 'आजोबांनी'पर्यंत सरसर लिहिलं, मग पेन्सिल थांबली. "आजोबा, 'ष्म्या' कसं लिहायचं?"

मी लिहून दिलं नाही. कपाटातून चष्म्याचा डबा आणला, त्यावर दुकानाने 'चष्मा' असं छापलेलं आहे. तिने ते बघून 'ष्मा' काढला, त्याचा 'ष्म्या' करायला बराच वेळ घेतला आणि कागद दाराला चिकटवला. आज सकाळी दूध घ्यायला दार उघडलं तर खाली आणखी एक ओळ होती, मला न विचारता लिहिलेली: "आजीनं छत्री उघडून झाडलं." व्याकरणात गडबड आहे, 'झाडली' हवं. मी अजून सांगितलेलं नाही. खडूफळा ताई, कधी सांगायचं असतं?

खडूफळा

सर, आज नको. आज संध्याकाळी तुम्ही दोघं मिळून ती कविता मोठ्याने वाचा, आजींना छत्री घेऊन सोबत उभं करा. 'छत्री झाडलं' म्हणताना तिच्या कानाला बोचेल. बोचलं की ती स्वतःच पेन्सिल मागेल. नाही मागितली तर परवा सांगा.

परिषदेत जरूर वाचून दाखवा. फक्त बकरीच्या ओळीखालचं नाव मी इथे दिलेलं नाही, तिथेही विचारू नका. त्याला मी आज विचारलं होतं. म्हणाला, "अजून दुसरी ओळ होऊ दे, मग सांगा."